बैरूतकर ‘ल’ खात नाहीत

अरबी शिकणाऱ्यांत एक समज हातोहात फिरतो. सूर्याक्षरं (ज्यांच्याआधी ‘अल’मधला ल त्या अक्षरातच विरघळतो आणि अक्षर दुहेरी होतं) आणि चंद्राक्षरं (ज्यांच्याआधी ल टिकतो) ही पुस्तकी अरबीची भानगड. लेबनीज बोलीत नियमबियम नाही, लोक आळसाने ‘अल’ (इंग्रजी ‘द’सारखं, बोलीत ‘एल’) या उपपदातला ल खातात, आणि ‘जीम’ (ज) या अक्षराच्या बाबतीत तर सरळ चुकतात.

आधी ‘खाण्या’चं बघू. ‘रेज्जेल’ म्हणजे कुणी एक पुरुष. उपपद लागलं की ‘एर्रेज्जेल’, म्हणजे ‘तो’ पुरुष. ल गेला, पण जागा रिकामी राहिली नाही. तिथे आणखी एक र येऊन बसला. त्या र वर जोर दिला नाही तर ऐकणाऱ्याला ‘तो’ कळणार कसा? याला आळस म्हणायचं, तर तत् + लीन चं ‘तल्लीन’ करणारेही आळशीच.

नियम नाही म्हणणाऱ्यांनी लेबनॉनचा नकाशा उघडावा. बैरूतमधलं हम्रा ‘एल-हम्रा’, ल शाबूत. दक्षिणेचं उपनगर मात्र ‘एद्दाहिये’. 13 एप्रिल 1975 ला जिथल्या गोळीबारानंतर यादवी पेटली, त्या वस्तीच्या नावात रोमन लिपीत ‘एल’ दिसतो, तोंडात असतो ‘ऐन एर्रेम्माने’. डोंगरातल्या शूफचं ‘एश्शूफ’ होतं, आणि त्याच शूफमधल्या दैर अल-कमरचं, म्हणजे ‘चंद्राच्या मठा’चं, ‘देर एल-अमर’. इथे क घशात अडकून नुसता झटका उरतो, तरी ल हलत नाही. कारण सोपं आहे: ल म्हणताना जिभेचं टोक दातांमागे टेकतं. तिथल्याच आसपासची अक्षरं त्याला आपल्यात ओढतात. ओठांची आणि घशाची अक्षरं लांब पडतात.

(नावांत खगोलशास्त्र शोधू नका. ‘शम्स’ (सूर्य) श या सूर्याक्षराने सुरू होतो, ‘कमर’ (चंद्र) क या चंद्राक्षराने, बस्स. 28 अक्षरांची वाटणी मात्र अगदी 14-14.)

जीमची गोष्ट जास्त मजेची. व्याकरणात तो चंद्राक्षर: ‘अल-जबल’, डोंगर. पण जुना जीम टाळूवर बराच मागे उच्चारला जायचा. लेबनीज जीम ‘टेलिव्हिजन’मधल्या ज सारखा, जीभ पुढे आलेली. म्हणून ‘एज्जबल’ही सर्रास ऐकू येतं. अक्षराने घर बदललं, नियम मागोमाग गेला. यात चूक कुठे आहे?

आणि बोट दाखवण्याआधी आपलं बघा. ‘निजामुद्दीन’मध्ये आपण ल बिनबोभाट सोडतो, ‘अब्दुल करीम’मध्ये ठेवतो, दोन्ही बरोबर. पण मुख्यमंत्री झालेल्या अंतुल्यांचं नाव आपण ‘अब्दुल रहमान’ लिहितो. अरबी जीभ ‘अब्दुर्रहमान’ म्हणेल.

एक गोष्ट मात्र कबूल. शब्दाच्या तोंडालाच दोन व्यंजनं आली की लेबनीज माणूस ‘ले’ लावतो: ‘क्तेब’ (पुस्तक), ‘ले-क्तेब’. ‘झ्घीर’ म्हणजे लहान. झ सूर्याक्षर, तरीही ‘ले-झ्घीर’ ऐकू येतं. पण इथे तर ल खाल्लेला नाही, उलट नियमाने जायला हवा होता तिथे तो राखलाय.