बंब सोमेश्वरीच बरा

अभिनंदन! तुमच्या इमारतीत आग विझवायची लाल पेटी बसली. काचेचं दार, आत घडी घातलेला होज म्हणजे पाण्याची जाड नळी, शेजारी तिच्या टोकाला लावायचं, सोन्यासारखं झळकणारं पितळी नोझल. आता ते असंच झळकत राहील आणि त्यातून पाण्याचा थेंबही येणार नाही, एवढं पाहिलंत की तुमचं काम झालं. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' या म्हणीला लोक उगाच टोमणा समजतात. जागा निवडण्याची इतकी नेमकी सूचना कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.

मुळात पाहण्याच्या वस्तूला वापरायची वस्तू समजण्याची चूक करू नका. वाकणारा, वळणारा चामड्याचा होज १६७२ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्याने घडवला, तो यान व्हान डर हायडन हा चित्रकार होता. चित्रकाराची निर्मिती भिंतीवर लावायची आणि चार पावलं मागे उभं राहून बघायची. त्याने पुढे त्या शहराचं अग्निशमन दलच नव्याने उभं केलं, हा भाग सोयीने विसरावा.

पेटीची जागा ठरवताना जाणकारांचं ऐकू नका. ते म्हणणार, पेटी बाहेर पडायच्या वाटेजवळ हवी. म्हणजे नोझल धरणाऱ्याची पाठ दाराकडे राहते आणि डाव अंगाशी आला, तर होज चाचपत धुरातूनही मागे येता येतं. शुभकार्यात असले अभद्र विचार कशाला? पेटी अगदी आतल्या खोलीत, रंगाचे डबे आणि रद्दी असलेल्या भिंतीवर बसवा. आग लागली की शोधाशोध नको. ज्वाळा दिसतील तिथेच पेटी. समोर तीन मोडक्या खुर्च्या, त्यांच्यावर रिकामी खोकी. व्हॉल्व्हचं चाक भिंतीला असं खेटून घ्या की फिरवणाऱ्याच्या बोटांची सालं निघावीत. कुलूप तर हवंच, कारण पितळ आहे आणि भंगारवाल्यालाही ते कळतं. काच फोडायची छोटी हातोडी असते, तीही चोरीला जाते म्हणून पेटीच्या आत ठेवा.

आता कपलिंग, म्हणजे हे सगळे भाग एकमेकांना जोडणारं तोंड. होज एका दुकानातून, नोझल दुसऱ्याकडून आणि व्हॉल्व्ह तिसऱ्याकडून घ्या. तिन्ही लाल किंवा पिवळे दिसले की जुळलेच म्हणायचे. जोडून बघण्याचा मोह टाळा. या परंपरेला मोठा इतिहास आहे. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतलं बाल्टिमोर पेटलं, तेव्हा वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून, न्यूयॉर्कहून बंब आले. माणसं तयार, होज तयार, हायड्रंटमध्ये, म्हणजे बंबांसाठीच्या नळात, पाणी. बऱ्याच जणांचे आटे तेवढे जमेनात. दीड हजाराहून जास्त इमारती गेल्या. त्यानंतर सगळीकडे एकच माप असावं असं ठरलं आणि ठरलं म्हणजे झालंच, असं मानून मंडळी निर्धास्त झाली. १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्या पेटल्या, तेव्हा तिथल्या हायड्रंटची तोंडं तीन इंची निघाली आणि मदतीला धावलेल्यांची कपलिंगं अडीच इंची. मधे ८७ वर्षं गेली होती. तुमची पेटी तर आत्ताच बसलीय, तेव्हा घाई नको.

कुणी तुम्हाला स्टॉर्झ कपलिंगबद्दल सांगेल. दोन्ही तोंडं सारखीच, त्यामुळे नर-मादीची भानगड नाही. एकमेकांत घालून थोडा पिळा दिला की झालं. इतक्या सोप्या वस्तूत मला काही राम वाटत नाही. आट्यांच्या कपलिंगची मजा वेगळी. आतला रबरी वॉशर आधी हरवा. तो इवलासा असतो, त्याच्याशिवायही कपलिंग बसल्यासारखं दिसतं आणि पाणी सुटल्यावर सांध्यातून असं कारंजं उडतं की नोझलपर्यंत पाण्याला जावंच लागत नाही. पितळी नोझल अ‍ॅल्युमिनियमच्या कपलिंगवर चढवून चार-पाच वर्षं दमट जागी विसरून जा. दोन धातू आणि मधे ओल एवढ्या भांडवलावर अ‍ॅल्युमिनियम आतून कुरतडलं जातं, मग पाना लावा, हातोडा लावा, जन्माची गाठ सुटत नाही. चुकून फिरतंय असं वाटलं तर हाताशी असेल ते खनिज तेलाचं वंगण थापा. अशा तेलाने पुष्कळसं रबर फुगतं, मऊ पडतं आणि जागचं हलत नाही. उत्पादक सिलिकॉनचं वंगण सांगतात, पण त्याची ट्यूब आणायला कोण जाणार? सगळ्यात शेवटी एक हात लाल रंगाचा, नोझलच्या फिरत्या कड्यावरूनसुद्धा. धार आणि फवारा यांतलं काय हवं, हा प्रश्न कायमचा मिटतो.

दाबाचं गेज बघायला जिना चढून जाऊ नका. इथे मात्र क्षणभर थट्टा बाजूला ठेवतो. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री फिलाडेल्फियात 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीत, २२ व्या मजल्यावर, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या. जवान वर पोचले, जिन्यातल्या उभ्या पाइपला होज जोडले, पाणी आलंही. पण त्या भागातल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह होते आणि ते चुकीचे लावलेले. हातातल्या फॉग नोझलला, म्हणजे फवारा मारणाऱ्या नोझलला, सुमारे ७ बार, म्हणजे हवेच्या जवळपास सातपट, दाब हवा होता. मिळत होता त्याहून फार कमी. तीन जवानांचा जीव गेला. आग अखेर थांबली ती ३० व्या मजल्यावर, तिथे छताला बसवलेल्या, आगीत आपोआप पाणी सोडणाऱ्या स्प्रिंकलरपैकी दहा उघडले तेव्हा. ते व्हॉल्व्ह बसले त्या दिवशी कुणी टोकाला नोझल लावून पाणी सोडून पाहिलं असतं, तर काही मिनिटांत कळलं असतं.

असो. आपण आपल्या व्हॉल्व्हकडे वळू. तो बसवणाऱ्याने बसवलाय म्हणजे बरोबरच असणार.

वापराकडे येतो, कारण एखादा उत्साही माणूस पेटी उघडणारच. होज पूर्ण उलगडून, पीळ काढून, नोझल लावून, माणूस जागेवर उभा राहिल्याची हाक आली की मग व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, असा एक लांबलचक विधी सांगतात. तुम्ही होज पेटीत असतानाच व्हॉल्व्ह पूर्ण फिरवा. ६३ मिलिमीटरचा होज भरला की मीटरमागे तीन लिटरांवर पाणी, म्हणजे पंधरा मीटरला ४५ किलोंच्या पुढे वजन. हा अजगर पेटीतच फुगून दाराला असा आवळून बसतो की नंतर त्याला हलवायची कुणाची टाप नाही.

नोझल एका हाताने धरा. दुसरा हात कॅमेऱ्याकडे बघून हलवायला मोकळा हवा. न्यूटनचा तिसरा नियम परीक्षेपुरता होता असं मीही समजत होतो. एका सरावात २२ मिलिमीटर तोंडाचं साधं नोझल मी फोटोसाठी असंच धरलं आणि मागच्याने चाक भर्रकन फिरवलं. हिशेब मी नंतर केला: साडेतीन बार दाबाला असं नोझल सुमारे २७ किलोंच्या जोराने मागे रेटतं, दाब ७ बार झाला की जोर दुप्पट. त्या वेळी एवढंच कळलं की नोझल मी धरलेलं नसून त्याने मला धरलंय. मग त्याने मला सोडलं आणि होज स्वतःच्या मर्जीने हॉलभर फणा आपटत फिरला. फोटो चांगला आलाय, फक्त त्यात मी नाही. म्हणून शहाणी माणसं दोघांनी धरतात, एक पाय मागे रोवतात, होज काखेत दाबतात आणि हातातून सुटलेल्या नोझलमागे धावत नाहीत, आधी व्हॉल्व्ह बंद करतात. तुम्ही धावा. पितळाचा फटका एकदा गुडघ्यावर बसला की पुढचे सराव आपोआप चुकतात.

बंद करताना खटकन बंद करा. धावतं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का उलटा पाइपभर जातो आणि कुठला सांधा कच्चा होता हे लगेच समजतं. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. बहुतेक नोझलांची मूठ पुढे ढकलली की बंद आणि मागे ओढली की चालू, तर पुढचं कडं मागून बघताना उजवीकडे फिरवलं की धार आणि डावीकडे फिरवलं की फवारा. हे आधी माहीत करून घेतलं तर धुरात चाचपडण्यातलं नावीन्य जातं.

धार की फवारा, यावर लोक फार डोकं शिणवतात. तुमचं उत्तर एकच: धार. धार लांब जाते, जोरकस दिसते आणि आवाजही करते. तेलाच्या पिंपाला आग लागली असेल तर धार थेट मधोमध मारा. एका जागची आग पिंपातून उडून चार ठिकाणी पसरते आणि कामाची वाटणी सोपी होते. विजेचं पॅनेल पेटलं असेल तर आधी वीज तोडायची, हा वेळखाऊपणा झाला. सलग धारेतून वीज नोझलपर्यंत चालत येऊ शकते. एरवी तिचं बिल येतं, या खेपेला ती स्वतः येईल. आणि दारं-खिडक्या बंद असलेल्या तापल्या खोलीत, आपण आत उभे असताना, मात्र अचानक मत बदलून रुंद फवारा सोडा. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती सुमारे १,७०० लिटर जागा मागते. खोलीत ती जागा नसते, म्हणून ती तुमच्याकडे येते. धुराला आणि वाफेला बाहेर जायला वाट आहे ना, हे आधी बघणारे जवान उगाच जपून वागतात असं आपलं माझं मत.

मोठ्या आवारात खांबावर बसवलेला मॉनिटर असतो, म्हणजे उभ्या पायावर फिरणारी पाण्याची तोफ. मिनिटाला दोन हजार लिटर पाणी ७ बारने फेकणारी अशी तोफ पायावर १२० किलोंच्या आसपास रेटा देते. तिचे बोल्ट ज्या काँक्रीटमध्ये गेलेत ते भुसभुशीत असेल तर उत्तम. तिच्या फिरण्याच्या वाटेत पुढे-मागे एखादी शेड उभी राहतेच, तिच्याबद्दल कुणाला विचारू नका.

देखभालीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती करायचीच नाहीये. दर वापरानंतर आणि एरवी वर्षातून निदान एकदा नोझल हातात घेऊन आतून बघायचं असतं: वाटेत खडा अडकलाय का, टोकाला ठेच आहे का, फॉगच्या कड्याचा दात तुटलाय का, मूठ पूर्ण उघडते-मिटते का. दात तुटला की फवाऱ्याच्या छत्रीला नेमकी तिथेच फट पडते आणि फटीतून उष्णता बरोबर आपल्याकडे येते. नोझल लावण्याआधी हायड्रंट थोडा मोकळा सोडून पाइपमधला गंज आणि गाळ वाहू द्यावा, असंही म्हणतात. त्याने फरशी ओली होते. गाळ नोझलमध्येच साठू द्या. होज ओलाच गुंडाळा म्हणजे बुरशीला आधार मिळेल आणि दर वेळी घडी जुन्याच रेघेवर घाला. रेघ जिथे विरते तिथेच तो फाटतो, त्यामुळे फुटणार कुठे हे आधीपासून माहीत असतं.

उरली नोंदवही. ती मात्र चोख हवी. पुढच्या बारा महिन्यांचं 'तपासले, ठीक आहे' आजच लिहून टाका, पण शाई एकच नको. मार्च निळ्या पेनाने, एप्रिल काळ्या, जूनमध्ये पावसाचा एखादा थेंब पाडा. एखाद्या महिन्यात 'वॉशर बदलला' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला फार बरं वाटतं.

आणि तपासायला आलेल्या माणसाने नोंदवही मिटून 'जरा पाणी सोडून दाखवा' असं म्हटलंच, तर गडबडू नका. टाकी आजच धुवायला काढलीय, असं सांगा. तो वर जाऊन बघेल याची भीती नको. टाकी खरंच रिकामी असते.