आधी तुकडा तपासा, मग पत्रे उतरवा

नोटीस सगळ्यांनीच वाचली होती, त्यामुळे विषय कुणाला काढावा लागला नाही. सोमवारी सोसायटीच्या गच्चीवरची शेड उतरणार आणि मग इमारतीचं पाडकाम. चहा यायच्या आतच शुभदाने विचारलं, “सेक्रेटरी, ते पत्रे तपासून घेतलेत का?”

“त्यात काय तपासायचं?” दिनकरराव म्हणाले. “सिमेंटचे पत्रे आहेत. १९७८ चे. तेव्हाचा माल होता तो, आत्तासारखा नाही.”

“तेव्हाचा माल आहे म्हणूनच विचारतेय. ॲस्बेस्टॉस असणार त्यात. त्या खनिजाचे बारीक तंतू धुळीबरोबर फुफ्फुसात जाऊन बसतात.”

दिनकररावांनी हात वर केला. हात वर झाला की पुढे काय येणार ते कट्ट्याला पाठ आहे. “पन्नास वर्षं! पन्नास वर्षं त्या पत्र्याखाली गणपतीच्या पंगती उठल्या. कुणाला काही झालं? ही सगळी परदेशातली खुळं.”

“पत्र्याखाली जेवल्याने होत नाही, पत्रा फोडल्याने होतं,” शुभदा म्हणाली. “आणि फोडणार तुम्ही नाही. घण घालणार बिगारी. वीस-तीस वर्षांनी त्याला दम लागेल तेव्हा तो कुठे असेल आणि आपली सोसायटी कुठे असेल?”

मी शुभदाच्या बाजूचा आहे हे इथेच सांगून टाकतो. तिचं आयुष्य इस्पितळाच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून गेलं, आणि या विषयात कट्ट्यावर तिच्याइतकं कळणारं दुसरं कुणी नाही.

शिरीष मात्र कायद्याचा माणूस. “एवढं वाईट आहे तर दुकानात अजून विकतात कसं? २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदीची याचिका फेटाळली आहे.”

“आणि त्याच कोर्टाने १९९५ मध्ये काय सांगितलं होतं? ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणाऱ्याची आरोग्याची नोंद निदान चाळीस वर्षं जपून ठेवा. बिस्किटांच्या कारखान्याला सांगितलं का कुणी असं? खाणींचे नवे परवाने आपण १९८६ पासून बंद केले, पण बाहेरून आणून पत्रे करायला मुभा. म्हणजे आपल्या जमिनीतलं नको, रशियाचं चालेल.”

शिरीषने चहात बिस्कीट बुडवलं. ते पडलं.

एवढ्यात नंदू उठून गेटपाशी गेला. पाहणीला आलेल्या पोरांनी परवा एका पत्र्याचा कोपरा तोडून तिथेच टाकला होता, तो घेऊन आला. करडा, एका बाजूला शेवाळ धरलेला. तुटलेल्या कडेला बारीक पांढुरके झुपके बाहेर आले होते, नारळाच्या शेंडीसारखे. त्यावरून तो अंगठा फिरवणार तोच शुभदा ओरडली, “घासू नकोस! पाणी ओत आधी त्यावर.” नंदूने प्यायच्या बाटलीतलं सगळं पाणी ओतलं.

“दिसतायत ना तंतू? मग लॅब कशाला?” दिनकरराव.

“ॲस्बेस्टॉस नसलेल्या नव्या पत्र्यांतही तंतू असतात. कागदाच्या लगद्याचे, प्लास्टिकचे. नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच.” मग तिने नीट समजावलं. तुकडा घ्यायचा तो जागा भिजवून. पाण्यात थोडा साबण घातला तर उत्तम. ड्रिल लावायचं नाही, करवत तर नाहीच. नखाएवढा तुकडा पुरतो. तो दोन पिशव्यांत, एकीत दुसरी, वर चिठ्ठी, आणि तोडलेल्या जागेवर चिकटपट्टी. तोंडाला कोविडमधला निळा मास्क उपयोगाचा नाही, बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा हवा. लॅबवाले तंतू वेगळे काढतात, ठरावीक द्रवात बुडवतात आणि ध्रुवीकृत प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली बघतात. पांढरा ॲस्बेस्टॉस नागमोडी दिसतो, तपकिरी आणि निळा सरळ सुईसारखा. “आणि एकच तुकडा देऊन भागत नाही. पत्र्याचा वेगळा, पावसाळी पाइपचा वेगळा. खर्च बत्तीस बिऱ्हाडांत वाटला की कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.”

“म्हणजे दर पावसाळ्याआधी हा दिन्या वॉचमनला तारेचा ब्रश देऊन शेवाळ खरवडायला लावायचा...” नंदू म्हणाला.

शुभदाने मान हलवली. दिनकरराव काही बोलले नाहीत. तो वॉचमन कधीच गावी गेला, त्याचा पत्ता कुणाकडे नाही. मला वाटतं तेवढा एक क्षण ते खरोखर गप्प झाले.

“बरं, निघालं ॲस्बेस्टॉस. मग?” शिरीषने विचारलं.

“मग हुक-बोल्ट सोडवून पत्रे अख्खे उतरवायचे, ओले करून. वरून खाली फेकायचे नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळोज्याला, घातक कचऱ्याच्या जागी. डेब्रिजच्या डंपरमध्ये नाही. आणि हे बिल्डरकडून आत्ताच लिहून घ्यायचं, सोमवारनंतर नाही. भिंतीपलीकडे बालवाडी आहे, आठवतंय ना?”

दिनकररावांना आता विषय बदलायचा होता. ते ऑफिसच्या पार्टिशनवर आले, जे ते दर दोन महिन्यांनी येतातच. “मला पत्र्याचं शिकवू नका. ऑफिसचं पार्टिशन मी स्वतः दारूखान्याच्या जहाजभंगार बाजारातून आणलंय. जहाजाचा माल! नंदूचं कोटेशन मी फाडलं म्हणून तो अजून जळतो. आहे का बघा त्या बोर्डाला काही? एकदा पेटती मेणबत्ती त्यावर कलंडली, तर साधा डाग पडला नाही.”

शुभदाने कप खाली ठेवला. “दिनकरराव, जहाजांत आग पसरू नये म्हणून काय भरायचे माहीत आहे? क्लेमेंसो आठवते? ती फ्रेंच युद्धनौका गुजरातेत अलंगला तोडायला निघाली होती, २००६ मध्ये फ्रान्सने वाटेतून परत बोलावली. ॲस्बेस्टॉसवरून.”

कट्ट्याने एकदम दिनकररावांकडे पाहिलं.

“त्या पार्टिशनला,” नंदू सावकाश म्हणाला, “गेल्या दिवाळीत यांनी भोकं पाडली. घड्याळाला, फोटोला आणि स्वतःच्या सत्काराच्या ढालीला.”

“चार भोकं,” शिरीष म्हणाला. “ढाल जड होती.”

दिनकररावांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. “रविवारची मीटिंग पार्किंगमध्ये घेऊ,” ते म्हणाले. “हवा खेळती असते.” मग जरा थांबून, “आणि सँपल दोन नको, तीन पाठवा. तिसऱ्याचे पैसे मी देतो.”

“तू देणार?” नंदू उठून उभाच राहिला. “२०११ च्या वर्ल्ड कपच्या प्रोजेक्टरची वर्गणी आधी टाक!”

“त्या मॅचला मी अर्ध्यात उठलो होतो.”

“सचिन आउट झाला म्हणून उठलास! आणि धोनीच्या सिक्सला बोंबलत परत आलास, ती अर्धी वर्गणी दे!”

पुढचं कुणाला धड ऐकू आलं नाही. चहावाला पोरगासुद्धा हसत होता. दिनकररावांनी त्याच हशात दोनशेची नोट काढून नंदूच्या हातात कोंबली, आणि शुभदाने ती लगेच त्याच्या हातातून काढून घेतली. सँपलसाठी.