ते 26 टक्के खिडकीचे आहेत

कोथरूडच्या ताईने मला पाठवलेला मेसेज एव्हाना पुण्यातल्या कितीतरी पालकांच्या ग्रुपवर पोचलाय: "वर्गात 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी लावा, कॅलिफोर्नियात याने मुलांचे गुण 26 टक्के वाढले. पडदे ओढून ठेवा, उजेड एकसारखा राहतो. पिवळ्या दिव्याने मेंदू सुस्तावतो. रात्रीचा अभ्यासही पांढऱ्या दिव्याखालीच घ्या." भाच्याच्या शाळेत यासाठी पालकांकडून वर्गणी काढायचं घाटतंय, म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी ते 26 टक्के. हा आकडा हेशाँग माहोन ग्रुप या अमेरिकन सल्लागार संस्थेच्या 1999 सालच्या अभ्यासातला. कॅलिफोर्नियात कॅपिस्ट्रानोच्या शाळांमध्ये ज्या वर्गांत दिवसाचा नैसर्गिक उजेड सर्वांत जास्त येत होता, तिथली मुलं सर्वांत कमी उजेडाच्या वर्गांपेक्षा वर्षभरात वाचनात 26 टक्के आणि गणितात 20 टक्के वेगाने पुढे गेली. नैसर्गिक उजेड! खिडक्यांतून आणि छताच्या झरोक्यांतून येणारा. एलईडीचा यात संबंधच नाही. शिवाय प्रगतीचा वेग म्हणजे गुण नव्हेत. 60 गुणांचे 76 होत नाहीत. खिडकीच्या बाजूने निघालेला आकडा खिडक्या झाकायला वापरायचा, ही सरळ दिशाभूल आहे.

याच मंडळींनी 2003 साली कॅलिफोर्नियातल्याच फ्रेझ्नोच्या शाळांत पुन्हा तपासलं, तेव्हा नुसत्या उजेडाचा तसा परिणाम दिसला नाही. खिडकीतून बाहेरचं मोकळं दिसणं फायद्याचं ठरलं. डोळ्यांवर येणारी तिरीप आणि थेट ऊन नुकसानीचं. म्हणजे सकाळच्या सत्रात पूर्वेचं ऊन फळ्यावर येत असेल तर तेवढा एक पडदा ओढा. सगळे कशाला?

रात्रीचा सल्ला तर घातक आहे. 6500 केल्विनचा म्हणजे निळसर पांढरा उजेड झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दाबतो, आणि मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त. सकाळी सातच्या शाळेचं पोर रात्री उशिरापर्यंत त्या दिव्याखाली बसवलं, तर पहिल्या तासाला पेंगणारच. पिवळ्या दिव्याने मेंदू सुस्तावत नाही; वाचायला पुरेसा उजेड असला की रात्री तोच बरा.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: दिवसा प्रखर पांढऱ्या उजेडात एकाग्रतेच्या चाचणीत मुलांच्या चुका कमी झाल्याचं 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या प्रयोगात दिसलं. जुन्या चोकच्या ट्यूबही सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्याने काहींचं डोकं दुखतं. त्या जरूर बदला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भरदुपारी दिवे लावावेच लागतात. पण त्याला चांगल्या प्रतीचे साधे दिवे पुरतात.

ताईला सांगितलंय, पालकसभेत वर्गणीची पावती फाडण्याआधी दोन गोष्टी विचार: शेवटच्या बाकावरून फळा नीट दिसतो का, आणि वर्गाच्या खिडक्यांना टेकवून ठेवलेली कपाटं कधी हलवणार?