पहिलं अक्षर कापू नका, लिंकचा डिस्प्ले बदला

'लिंकच्या पहिल्या अक्षराला फर्स्ट-लेटर लावू नका, प्रत्येक ब्राउझर वेगळा वागतो. जावास्क्रिप्टने अक्षर कापा आणि स्पॅनमध्ये घाला,' हा मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. फर्स्ट-लेटर म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधली, फक्त पहिल्या अक्षराचा रंग किंवा आकार बदलणारी सोय; स्पॅन म्हणजे मजकुराच्या एखाद्या तुकड्याभोवती घालायचा टॅग. आता हा मेसेज आमच्या टीममधल्या नव्या मुलीपर्यंत पोचला आणि तिने तो एका मराठी साइटच्या मेनूला लावलाही. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक आहे ती कापाकापी. मेसेजमधला कोड 'चारॲट(०)' ही जावास्क्रिप्टची आज्ञा वापरतो. त्याने अक्षर हाती येत नाही, फक्त पहिलं सुटं चिन्ह येतं. 'किल्ले'मधून निघतो 'क' आणि पहिली वेलांटी मागेच राहते. 'प्रवास'मधून निघतो 'प', आणि उरलेला शब्द हलन्ताने सुरू होतो. नुसता रंग बदलला तर काही ब्राउझर सांभाळून घेतात. स्पॅनचा आकार वाढवला की मात्र दोन तुकडे वेगवेगळे रचले जातात आणि निराधार वेलांटीजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. मेनूत हे वाचणार कोण? शिवाय लिंकमध्ये चित्र असेल, तर मजकूर नव्याने भरताना तेही पुसलं जातं.

आता 'ब्राउझर वेगळे वागतात' हे. सीएसएस २.१च्या २०११च्या शिफारशीत, कलम ५.१२.२मध्ये स्पष्ट लिहिलंय: फर्स्ट-लेटर ब्लॉक, लिस्ट-आयटम, टेबल-सेल, टेबल-कॅप्शन आणि इनलाइन-ब्लॉक या डिस्प्लेच्या (म्हणजे पानावरच्या मांडणीच्या) प्रकारांनाच लागू होतं. लिंक मुळात इनलाइन, म्हणजे वाक्याच्या ओळीतच वाहणारी असते, म्हणून काहीच दिसत नाही. तिला 'डिस्प्ले: इनलाइन-ब्लॉक' द्या, काम झालं. लिंक फ्लेक्स डब्याची (आतले घटक ओळीत मांडणाऱ्या चौकटीची) थेट अपत्य असेल तर तेवढंही लागत नाही, ती आपोआप ब्लॉक होते. पण आयकॉन ओळीत आणायला लिंकलाच फ्लेक्स केलंत, तर फर्स्ट-लेटर पुन्हा बंद. बिफोरमध्ये (सीएसएसने मजकुराआधी घातलेल्या भागात) अक्षररूपी चिन्ह टाकलं असेल, तर रंग त्या चिन्हालाच चढतो. आणि परिच्छेदातल्या लांब लिंकला इनलाइन-ब्लॉक देऊ नका: ती वाक्याबरोबर ओळीत तुटत नाही, अख्खा ठोकळा खाली सरकतो.

'होव्हरला (लिंकवर माउस नेल्यावर) चालत नाही' असंही त्या मेसेजमध्ये म्हणे. नियमात होव्हर आधी लिहा, फर्स्ट-लेटर शेवटी.

'इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये चालत नाही' हे म्हणणं एके काळी खरं होतं. सहाव्या आवृत्तीत महिरपी कंसाआधी जागा सोडली नाही तर नियम चालत नसे, आणि आठवीपर्यंत फर्स्ट-लेटरआधीचं दुहेरी कोलन कळत नसे. आज त्याचं काय?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. जोडाक्षर कुठपर्यंत धरायचं यात फरक पडू शकतो. देवनागरी जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमाने 'प्र' हलन्तापाशी तुटतो. म्हणून 'प्रवास', 'क्षेत्र', 'श्री', 'किल्ले' हे चार शब्द क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत डोळ्यांनी तपासा. कुठे तुटलं, तर त्या लिंकपुरता अख्ख्या 'प्र'भोवती हाताने स्पॅन घाला.