आम्ही दोघं आणि बाकीचे ९८

मला गर्दी आवडत नाही. हे वाक्य मी लग्नाआधी नवऱ्याला इतक्या वेळा ऐकवलं होतं की हनिमूनचा विषय निघाल्यावर तो आपणहून म्हणाला, तूच ठरव बाई. आणि मी ठरवलं. तीन-चार हजार माणसं भरलेली ती अवाढव्य क्रूझ शिप्स, ज्यांच्यावर घसरगुंड्या असतात आणि नाश्त्याला रांगा लागतात, ती मी पहिल्या पाच मिनिटांत कटाप केली. आपल्याला छोटं जहाज, आणि तेही लक्झरी. शंभर पॅसेंजर, जवळपास तेवढाच स्टाफ, आणि मोठ्या जहाजांना जिथे शिरताच येत नाही असल्या चिमुकल्या बंदरांत जाणार. माहितीपत्रकात एक फोटो होता: डेकवर एक जोडपं उभं आहे, तिचा स्कार्फ वाऱ्यावर उडतोय, आणि मागे नजर पोचेल तिथपर्यंत चिटपाखरू नाही. त्या फोटोवर भाळून मी पैसे भरले. तो फोटो काढणारा माणूसही तिथेच उभा असणार, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

गंमत अशी आहे की तीन हजार माणसांत तुम्हाला कुत्रं विचारत नाही. शंभर माणसांत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत झालेलं असतं.

त्यात असली छोटी महागडी जहाजं बहुतेक रिटायर्ड लोकांनी भरलेली असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, तो भाग वेगळा.) जहाजावर चढलो तेव्हा डेकवर वाफाळते कप घेऊन बसलेले सगळे आजीआजोबा एकदम आमच्याकडे वळून बघायला लागले. कित्येक वर्षांनी घरात बाळ यावं तसे चेहरे झाले होते त्यांचे.

पहिला कार्यक्रम म्हणजे सेफ्टी ड्रिल. सात छोटे भोंगे आणि एक लांबलचक भोंगा वाजला की आपापली लाइफ जॅकेट्स घेऊन लाउंजमध्ये जमायचं. आमचा हनिमूनचा पहिला फोटो त्या भगभगीत केशरी जॅकेटमधला आहे, दोघांच्याही हनुवट्या आत रुतलेल्या आणि मान वळत नाहीये. शेजारी एक धिप्पाड आजोबा उभे होते, रिटायर्ड मरीन इंजिनियर, आणि त्यांच्या पोटाभोवती जॅकेटचा पट्टा काही केल्या पुरेना. पण त्यांना त्याची फिकीर नव्हती, ते आम्हाला शिकवण्यात गुंग होते. म्हणाले, १९१२ ला टायटॅनिक बुडालं म्हणून १९१४ ला जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि हे ड्रिल पूर्वी निघाल्यापासून चोवीस तासांत केलं तरी चालायचं, पण २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ एक मोठं जहाज खडकावर आपटून आडवं झालं, नवीन चढलेल्यांचं ड्रिल व्हायचंच होतं, तेव्हापासून आधी ड्रिल आणि मग प्रवास. मी आपली मान डोलवत होते (जॅकेटमुळे जेवढी डोलेल तेवढी). मग त्यांनी विचारलं, तुम्ही हनिमूनला का? टायटॅनिकवर जॉन जेकब अ‍ॅस्टर म्हणून एक गडगंज माणूस होता, तोही नव्या बायकोला घेऊन हनिमूनवरूनच परत निघालेला. आणि मग नवऱ्याकडे बघत, अगदी सहानुभूतीने म्हणाले, "बायको वाचली."

त्या रात्री कॅप्टनच्या वेलकम पार्टीत कॅप्टनने जहाजावरचं सगळ्यात जुनं लग्न आणि सगळ्यात नवं लग्न अशा दोन जोड्या उभ्या केल्या. जुनं चोपन्न वर्षांचं होतं. नवं नऊ दिवसांचं. टाळ्या झाल्या आणि आमचा एकांत तिथेच संपला, कारण त्यानंतर आम्हाला नावं उरली नाहीत, आम्ही फक्त 'हनिमूनवाले' झालो. चोपन्न वर्षंवाल्या आजींनी मला बाजूला घेऊन संसाराचं गुपित सांगितलं, "त्याला सामान भरू देऊ नकोस." मला वाटलं काहीतरी खोल अर्थ असेल, म्हणून मी ते मनात ठेवलं.

आता खोलीबद्दल. मी हौसेने सगळ्यात वरच्या मजल्यावरची, सगळ्यात पुढची खोली घेतली होती, जास्तीचे पैसे भरून, का तर व्ह्यू. जहाज हललं तर सगळ्यात कमी कुठे हलतं? मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर जसं सगळ्यात जास्त उडतं तसं पुढच्या टोकाचं होतं, हे शाळेतलं विज्ञान आहे, आणि मी विज्ञानात चांगली होते. शिवाय नांगराची साखळी पुढेच असते. पहाटे सहाला ती सुटायची तेव्हा गच्चीवरून कोणीतरी लोखंडी खाटा जिन्यातून खाली ढकलतंय असा आवाज व्हायचा, नवरा रोज दचकून उठून "काय झालं, काय झालं" करायचा, आणि मी रोज "पोचलो" म्हणायचे.

आणि बेड. क्रूझच्या खोल्यांमधला डबल बेड हा बहुतेकदा दोन सिंगल बेड जोडून केलेला असतो, म्हणजे पुढच्या खेपेला दोन मैत्रिणी आल्या तर वेगळे करता येतात. वरून एकच चादर, त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून, एकदम रोमँटिक. चादरीखाली मात्र बरोब्बर मधोमध एक फट. कुठल्याही बाजूने जवळ यायचं म्हटलं की आधी कोपर त्या फटीत जायचं. पहिल्या रात्री आम्ही हसलो, दुसऱ्या रात्री त्यात उशी कोंबली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोलीतून बाहेर पडले तर कॉरिडॉरच्या कठड्याला, दर चार पावलांवर, एकेक पांढरी कागदी पिशवी खोचलेली. घडी एकदम व्यवस्थित, कोपरा वर काढलेला, जणू नॅपकिनच. मी नवऱ्याला म्हटलं, किती छान, काहीतरी फंक्शन दिसतंय. तेवढ्यात स्पीकरवरून कॅप्टन अगदी मधाळ आवाजात म्हणाला की आज रात्री थोडीशी हालचाल जाणवेल.

इंजिनियर आजोबांनी जेवताना त्या 'थोडीशी'चं भाषांतर केलं. ब्यूफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची एक मोजपट्टी बनवली, शून्य ते बारा, आणि आजचा वारा सात नंबरचा होता, म्हणजे चार-चार मीटरच्या लाटा. मी म्हटलं, पण जहाजाला स्टॅबिलायझर आहेत ना? आहेत ना, ते म्हणाले, माशाच्या परांसारखे दोन्ही बाजूंना पाण्याखाली, ते जहाजाचं डावीउजवीकडे झुलणं आवरतात. पुढेमागे उडण्याला त्यांचा काही उपयोग नाही. आणि मग चमचा खाली ठेवून, "तुमची खोली पुढे आहे ना?"

समुद्र लागणं म्हणजे काय तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळे सांगतात की छे, खोली तर जागच्या जागी आहे, समोर भिंत आहे, भिंतीवर चित्र आहे, आणि या दोघांच्या भांडणात मार खातं पोट. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रात्री मला फक्त एवढं कळत होतं की पलंग वर जातोय, वर जातोय, अजून वर जातोय, आणि मग खालून कोणीतरी तो काढून घेतंय. लग्नाला अकरा-बारा दिवस झाले होते. तोवर मी नवऱ्यासमोर जांभईसुद्धा तोंडावर हात ठेवून देत होते. त्या रात्री त्याने माझे केस मागे धरून ठेवले, एका हाताने केस आणि दुसऱ्या हाताने बाथरूमचा कठडा, आणि ते बाथरूम एवढं छोटं की दार उघडंच ठेवायला लागत होतं आणि ते दार दर लाटेला त्याच्या पाठीत बसत होतं. दणका बसला की तो "ठीक आहे, ठीक आहे" म्हणायचा, मला की दाराला ते कळत नव्हतं. वर त्या व्हॅक्यूम टॉयलेटचा आवाज, विमानातल्यासारखा, म्हणजे माझी खबर भिंतीपलीकडे लगोलग पोचत होती. परत येऊन आडवी झाले तर बेडमधली फट उशीसकट रुंद झालेली आणि पहाटे कधीतरी नवरा त्यात गेला. अर्धाच गेला. बाकीचा अर्धा वर राहिला म्हणून सापडला.

सकाळपासून जहाजावर माझ्या तब्येतीचं बुलेटिन सुरू झालं. नवरा एकटा नाश्त्याला गेला तर प्रत्येक टेबलावर त्याला थांबवून "कशी आहे ती?" आणि हा माणूस कुणालाच "बरी आहे" म्हणून कटवू शकत नाही, तो तपशील देतो, किती वाजता, किती वेळा. तासाभरात खोलीत हिरवी सफरचंदं, आलं, खारी बिस्किटं आणि मनगटावर बांधायचे दोन पट्टे एवढा ऐवज जमा झाला. एका आजोबांनी चिठ्ठी पाठवली की नेल्सनला आयुष्यभर समुद्र लागायचा आणि तरी तो अ‍ॅडमिरल झाला, आणि डार्विनने बीगल जहाजावर जवळजवळ पाच वर्षं मनुका खाऊन हा त्रास काढला. खाली मनुकांची पुडी. मला रडू आलं, पण ते प्रेमाने की पुन्हा उमासे आले म्हणून, ते नक्की सांगता येत नाही. दुपारी दार वाजलं तर चोपन्न वर्षंवाल्या आजी, हात धरून मला डेकवर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या क्षितिजाकडे बघत बस, तेवढीच एक गोष्ट हलत नाही. खरोखर बरं वाटलं. रात्री जेवायला गेले तर सगळा डायनिंग हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. उलटी थांबली म्हणून टाळ्या मिळालेली नववधू मी एकटीच असेन.

मग मी ठरवलं की आता एक तरी दुपार आपली दोघांची. पहिला प्रयत्न एका निर्जन बीचवर केला, छोट्या बोटीने सोडतात तिथे, पण त्या निर्जन बीचवर आमच्याबरोबर ९८ जण उतरले. तर पुढच्या बंदरात सगळे फिरायला गेले आणि आम्ही डोकं दुखतंय असं सांगून मागे राहिलो. (दोघांचंही एकदम दुखतंय म्हटल्यावर आजींनी डोळे मिचकावले, ते मी पाहिलं.) जहाज रिकामं, कॉरिडॉर शांत, नांगर टाकलेला, लाटा नाहीत, मी फटीत रजाई भरली. आणि भोंगा. सात छोटे, एक लांब.

पॅसेंजर बाहेर असले की स्टाफ स्वतःची सराव ड्रिल करून घेतो, असं नंतर कळलं, स्पीकरवर सांगतातही की हे पॅसेंजरसाठी नाही, पण ते ऐकू येईपर्यंत नवरा एका पायात चप्पल आणि गळ्यात केशरी जॅकेट अशा अवस्थेत दारापाशी पोचला होता. बाहेर धावणारी पावलं, "ही बघितली? ती बघितली?" मग आमच्या दारावर टकटक. आम्ही दोघंही श्वास रोखून गप्प, का गप्प ते विचारू नका, काही गुन्हा केला नव्हता, लग्नाचे कागद बॅगेत होते. पलीकडून कोणीतरी म्हणालं "रिकामी आहे" आणि दाराला काहीतरी अडकवून पुढे गेलं. हळूच उघडून बघितलं तर पाटी होती, ही खोली तपासली, आत कोणी नाही.

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी पाटीकडे. पुढची वीस मिनिटं त्या जहाजाच्या दफ्तरी आम्ही अस्तित्वातच नव्हतो. माहितीपत्रकातला फोटो मला तेवढा एकदाच, बरोब्बर वीस मिनिटं मिळाला.

शेवटचा दिवस. क्रूझवर उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीतून त्या घेऊन जातात आणि सकाळी खाली बंदरावर मिळतात. मी आजींशी पत्ते खेळत होते आणि नवरा म्हणाला तू खेळ, मी भरतो. खोलीत आले तर सगळं चकाचक, बॅगा गेलेल्या, आणि हा स्वतःवर भलताच खूश. सकाळी साडेसहाला कपाट उघडून उभा. कपाटात माझा ड्रेस, त्याचा शर्ट, आणि बरेचसे हँगर. पँट नाही. एकही नाही. अंगातली चट्ट्यापट्ट्याची बॉक्सर शॉर्ट्स, तेवढीच काय ती.

तेव्हा मला आजींच्या त्या गुपिताचा अर्थ लागला.

मी रिसेप्शनला फोन करून दबक्या आवाजात सांगितलं, आणि शंभर माणसांच्या जहाजावर दबक्या आवाजाला काय अर्थ असतो ते दहा मिनिटांत कळलं, कारण इंजिनियर आजोबा स्वतः दारात उभे, हातावर घडी केलेली त्यांची पँट. त्यांनी ती हातातल्या बॅगेत मागे ठेवलेली होती, त्यांनी पन्नास वर्षं जहाजं केली होती. ती पँट नवऱ्याने घातली आणि तिच्यात आणखी एक नवरा सहज मावला असता. बेल्ट अर्थातच बॅगेत. "पत्ता लिहून देतो, पाठवून द्या सावकाश," आजोबा म्हणाले. ती अजून आमच्याकडेच आहे.

उतरताना सगळे शिडीपाशी जमले, मिठ्या झाल्या, आजी रडल्या, आणि मी जमिनीवर पाय ठेवला तर जमीन डोलायला लागली. हे होतं म्हणे, शरीराला समुद्राची सवय लागते आणि मग किनाराच लागतो. मी भेलकांडले, नवऱ्याने डाव्या हाताने मला पकडलं, उजव्या हातात पँट होती, आणि असे आम्ही इमिग्रेशनच्या रांगेतून पुढे सरकत गेलो, मागून ९८ जण बघतायत. खिडकीतल्या बाईने पासपोर्ट मागितले. पासपोर्ट त्याच्या शर्टाच्या खिशात होते, त्यासाठी एक हात मोकळा करायला हवा होता, आणि त्याने क्षणभर विचार केला. मला सोडलं.