आंब्यावर झुरळांचा स्प्रे?

'सावधान! परदेशी कंपन्या कोकणातल्या बागांत गांधीलमाश्या सोडताहेत. त्या आंब्यात अंडी घालतात, आंबा खाल्ला की ती पोटात फुटतात. पेटी घरी आली की आधी कीटकनाशक मारा, मगच आंबे खा.' हा मेसेज गिरगावातल्या माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने दोन डझन हापूसवर झुरळांचा स्प्रे मारला. म्हणून शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो.

आंब्यात अळी असलीच तर ती गरात असते. सालीवरचा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, आंबा चोखणाऱ्या पोरांच्या तोंडात मात्र थेट जातो. अन्नापासून दूर ठेवा, असं त्या डब्यावरच छापलेलं असतं. मेसेज लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी डबा वाचायचा होता! दोन्ही डझन कचऱ्यात गेले. हापूसचा भाव आठवला की अजून डोकं तापतं.

आता पोटात फुटणारी अंडी. आंब्यात अंडी घालते ती फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. मेसेजवाल्याची 'गांधीलमाशी' म्हणजे फोपियस अरिसॅनससारखा काही मिलिमीटरचा परजीवी कीटक. तो पोळं बांधत नाही, माणसाला डसायला येत नाही. मादीच्या शेपटाकडची लांब सुई अंडी घालण्यासाठी असते. ती सालीतून खुपसून मादी फळमाशीच्या अंड्यातच आपलं अंडं ठेवते. पुढे माशीची अळी गर खाते, फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि त्या कोषातून माशीऐवजी हा कीटक निघतो. त्याला वाढायला फळमाशीचंच शरीर लागतं. माणसाच्या पोटात त्याचं काय होणार? पचणार.

एक कबूल करावं लागेल. परजीवीने गाठलेली अळीसुद्धा गर खातेच, त्यामुळे तो आंबा वाचत नाही. माशीची पुढची पिढी कमी होते, एवढाच फायदा. म्हणूनच दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा बागेत टांगायचा, खाली पडलेली फळं रोज उचलायची, हे बागायतदाराला सुटत नाही. सगळं या कीटकांवर सोपवा, असं मीही म्हणणार नाही.

राहता राहिलं परदेशी कारस्थान. काकडी-कारल्याच्या फळमाशीवर उपाय म्हणून हवाईने १९१६ साली सायटालिया फ्लेचेरी हा परजीवी नेला, तो भारतातून. फोपियसही तिथे आशियातूनच गेला आणि फळमाशीचा मोठा शत्रू ठरला. आपल्या आंब्याला युरोपने मे २०१४ मध्ये दार बंद केलं ते पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून. या बिचाऱ्या कीटकांचा त्यात काही संबंध नव्हता.

'शेअर केलं नाही तर पाप लागेल' या ओळीला उत्तर देत बसत नाही.

कापलेल्या आंब्यात अळी निघाली तर तो पिशवीत घट्ट बांधून टाका. सोसायटीच्या कुंडीत फेकू नका, अळीला कोष करायला तिथली माती पुरते.