किरणला शाळेनं काय शिकवलं नाही

सांगलीतल्या आमराई बागेच्या बाहेरचा कट्टा संध्याकाळी साडेसातनंतर आमचा. त्याआधी तो पेन्शनरांचा असतो. परवा मी पोहोचलो तेव्हा भडंगाचा पुडा निम्मा संपला होता आणि किरण उभा राहून बोलत होता. किरण उभा राहिला की समजायचं, कुठल्यातरी सेमिनारला जाऊन आलाय.

विषय अर्थात त्या मुख्याध्यापकांच्या बातमीचा. भामट्यांनी पोलीस असल्याचं भासवून त्या निवृत्त माणसाला व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं, ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून, आणि एफड्या मोडायला लावून पैसे उकळले. बातमी सगळ्यांनीच वाचली होती.

“ह्याला जबाबदार कोण? आपली एज्युकेशन सिस्टिम!” किरण म्हणाला. “शाळेनं आपल्याला पायथागोरस शिकवला. आयुष्यात एकदा तरी कुणी वापरलाय का? पण पैसा कसा सांभाळायचा, फ्रॉड कसा ओळखायचा, टॅक्स कसा भरायचा? झीरो. लाइफ स्किल्स झीरो!”

“गवंडी रोज वापरतो,” दत्ता म्हणाला.

“काय?”

“पायथागोरस. इकडं तीन फूट, तिकडं चार फूट, तिरकी दोरी पाच भरली की कोपरा काटकोनात. तुझा बंगला तसाच उभा राहिलाय.”

दत्ता पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरतो, वायरिंग करतो. दहावीला गणितात गेला होता, तेही दोनदा.

“आणि किऱ्या,” सुरेखा म्हणाली, “ते स्वतः मुख्याध्यापक होते. अख्खी हयात शाळेत गेली त्यांची. अजून किती शाळा पाहिजे?”

सुरेखा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दिवसभर पोरांवर ओरडून संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असतो, त्यामुळं ती कमी बोलते आणि जे बोलते ते लागतं. किरणबद्दल मात्र मी निःपक्षपाती लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. दहावीच्या गॅदरिंगला माझा संवाद यानं म्हणून टाकला होता. टाळ्याही त्यालाच मिळाल्या.

इनामदार वकिलानं घसा साफ केला. त्याला आम्ही ‘कलम’ म्हणतो. “मुळात,” कलम म्हणाला, “भारतातल्या कुठल्याच कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकार नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते. ऑक्टोबर 2024 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं. पैसे गेलेच तर तिथल्या तिथं 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितका लवकर केला तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.”

“बघा! हेच शाळेत शिकवायला पाहिजे!” किरणनं मांडीवर थाप मारली. दत्ताच्या.

“पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगून जे कळलं नाही ते मी फळ्यावर लिहून कळणार?” सुरेखा म्हणाली. “आणि खरं सांगू का, शाळेनं त्यांना सगळं शिकवलं होतं. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. बाथरूमला जाताना विचारून जायचं. शेजारच्याशी बोलायचं नाही. मोठ्या आवाजात कुणी दरडावलं की आपलंच काहीतरी चुकलं असणार असं धरून चालायचं. हे सगळं आम्ही पहिलीपासून शिकवतो. तेवढं एक आम्हाला उत्तम जमतं.”

यावर थोडा वेळ नुसता भडंग चावल्याचा आवाज.

किरण हार मानणारा नाही. म्युच्युअल फंड विकणारा माणूस ‘नाही’ हा शब्द दिवसातून इतक्या वेळा ऐकतो की त्याला तो ऐकूच येत नाही. “ते सोड. पण फायनान्शिअल लिटरसीचं काय? जीएसटी म्हणजे काय हे दहावीच्या पोराला सांगता येईल? एसआयपी, दरमहा थोडे थोडे गुंतवायचे? अरे, सोळा वर्षांच्या मुलाला कंपाउंडिंगची, चक्रवाढीची पॉवर कळली तर...”

“बीजगणित, दहावी, चौथं प्रकरण,” सुरेखा म्हणाली. “अर्थनियोजन. जीएसटी आहे, शेअर्स आहेत, दलाली आहे, म्युच्युअल फंड आहे, तुझी एसआयपीपण आहे. नववीत आयकर आहे.”

“कधीपासून?”

“2018 पासून. नववीचं त्याच्या आदल्या वर्षी आलं. तुझी पोरगी दहावीला ना?”

“ती... सीबीएसईला आहे.”

“मग स्टेट बोर्डाच्या नावानं कशाला शंख करतोयस?”

दत्ता इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी प्यायल्यावर त्यानं कामाचा प्रश्न विचारला. “पुस्तकात आहे ना, मग पोरांना येतं का?”

“गणितं येतात. करपात्र मूल्य अमुक, दर अठरा टक्के, केंद्राचा सीजीएसटी नऊ आणि राज्याचा एसजीएसटी नऊ. फटाफट. त्याच पोराला दुकानातलं बिल हातात दे आणि विचार, यात जीएसटी कुठाय. बघत बसतो. कारण बिल परीक्षेला येत नाही.”

इथून गाडी कार्यानुभवावर घसरली. आमच्या वेळी कार्यानुभव म्हणजे मुलींना शिवण आणि मुलांना बागकाम. मुलींच्या वहीत कापडाचे तुकडे चिकटवलेले असायचे: धावदोरा, साखळी टाका, काज, बटण. निम्म्या वह्यांतला काज एकाच हातचा होता, कारण सुरेखाची आई शिवणकाम करायची आणि आख्ख्या वर्गाच्या आया तिच्याकडं यायच्या. बागकाम म्हणजे आम्ही मोठ्या सरांच्या गुलाबांना हौदातून पाणी वाहायचं. त्यात मी काय शिकलो? बादली अर्धीच भरली तरी चालते, फक्त सरांच्या खिडकीसमोरून जाताना वाकून चालायचं.

“आणि खरी कमाई!” दत्ताला आठवलं. स्काउटात खरी कमाईचा आठवडा असायचा. घरोघर जाऊन काम करायचं, मिळालेले पैसे कार्डावर लिहून शाळेत भरायचे. “किऱ्यानं सगळ्यात जास्त कमाई दाखवली होती. बिल्ला मिळाला. काम काय केलं होतंस सांग की.”

“जुन्या गोष्टी कशाला...”

“बापाच्या दुकानातल्या गल्ल्यातनं उचलले होते,” दत्ता आमच्याकडं वळून म्हणाला. “आणि माझ्याकडनं कार्ड भरून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं.”

“तुझं पहिलं क्लायंट फंडिंग,” सुरेखा म्हणाली.

मी दत्ताला विचारलं, वायरिंग शाळेत शिकवलं असतं तर तुला बरं झालं असतं का? त्यानं विचार करून सांगितलं, “मामाच्या दुकानात शिकलो ते बरं झालं. शाळेत शिकवलं असतं तर मी वायरिंगमध्येपण नापास झालो असतो.”

कलमला वाटलं आपण मागं पडतोय. “माझ्या मते, भाडेकरार शिकवायला हवा. लोकांना वाटतं अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही.”

“लागत नाहीच की,” किरण म्हणाला. “माझ्या विश्रामबागच्या फ्लॅटचा मी दरवर्षी स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतो. म्हणूनच तर अकरा महिने ठेवतात.”

“महाराष्ट्रात लागते. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.” कलमचा चेहरा उजळला होता. इतकं लक्ष देऊन त्याचं कुणी ऐकत नाही. “आणि भांडण झालं तर अटी भाडेकरू सांगेल त्या खऱ्या. खोट्या आहेत हे सिद्ध तू करायचं.”

किरण बसला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच.

“लाइफ स्किल्स,” सुरेखा हळूच म्हणाली.

“याचे पॉलिसीचे कागदसुद्धा पुरात गेले होते की,” मी म्हणालो. मला राहवलं नाही. “दुनियेला इन्शुरन्स विकतो आणि स्वतःचे कागद तळमजल्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत.”

2019 चा पूर निघाला की सांगलीत कुठलाही विषय अर्धा तास बाजूला पडतो, तसा पडला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला चाळीस फूट पाणी म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. कुठल्या गल्लीत कधी पाणी शिरतं, माळ्यावर आधी काय चढवायचं, गॅसची टाकी कुठं बांधायची, हे कुणाच्या अभ्यासक्रमात नाही. तरी त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना पोहता येत नव्हतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आमच्या बापांनी आम्हाला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. आम्ही आमच्या पोरांना क्लासला ढकललं.

“पोहणं मात्र शाळेनं शिकवावं,” मी म्हणालो.

“शिकवते की. नदीवर नेते चाळीस पोरं. तू येणार काठावर उभा राहायला?” सुरेखा म्हणाली. “लोक म्हणतात ना, शाळेनं हे शिकवावं, ते शिकवावं. यादी माझ्याकडं द्या. वाहतुकीचे नियम, साप चावल्यावर काय करायचं, बँकेची स्लिप, चांगला स्पर्श वाईट स्पर्श, कचरा, पाणी, मोबाईल. प्रत्येकाला आपल्या घरात जे जमलं नाही ते शाळेत व्हायला हवं असतं. आणि मी शिकवायला घेतलं की काय होतं? गेल्या वर्षी पोरांना वर्ग झाडायला लावला. एकाचा बाप मोबाईल घेऊन शूटिंगला आला. बटण लावायला शिकवलं, तर एक आई विचारते, बाई, स्कॉलरशिपचं काय?”

“मग होऊच शकत नाही म्हण.”

“होतं. पाबळला बघितलंय मी, शिरूर तालुक्यात. विज्ञान आश्रम. डॉक्टर कलबागांनी 1983 ला काढलं. हिंदुस्तान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून आला तो माणूस. त्यांचा कोर्स शाळांतून चालतो, आठवड्यातला एक दिवस. पोरं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रक्तगट तपासतात, कोंबड्या पाळतात. आणि शिकवायला बीएड झालेला नको, गावातला काम येणारा माणूस. पोरांनी बनवलेलं लोक पैसे देऊन घेतात. म्हणजे टेबल डुगडुगलं तर गिऱ्हाईक परत आणतं. वहीत चिकटवून भागत नाही.”

“गांधीजींनी 1937 ला वर्ध्यात हेच, हातानं काम करत शिकायचं...” कलमनं सुरुवात केली.

“हो, आणि तेव्हापासून सगळ्यांना ते पटतंय. दुसऱ्याच्या पोरांसाठी.” सुरेखा उठून साडीवरचे चुरमुरे झटकत म्हणाली, “एवढा कळवळा आलाय तर या शनिवारी या. आनंददायी शनिवार असतो आमचा, दप्तर नाही. माणूस पाहिजेच आहे मला. किऱ्या, तू ये.”

किरण पुन्हा उभा राहिला. “डेफिनेटली! मी एक पीपीटी करतो. मनी माइंडसेट फॉर...”

“तिसरीची पोरं आहेत. फळा आहे, वीज असली तर आहे. स्वतःचं स्वतः करायचं एखादं काम शिकव. कपड्याची घडी. चादर कशी घालायची.”

“चादर...” किरण अडखळला. “ते घरात सगळं वंदनाच बघते. पण मी व्हिजन सांगू शकतो.”

“कुकर लावतोस का?”

“शिट्ट्या मोजतो.”

यावर भडंगवालासुद्धा हसला. कलम म्हणाला की तो मुलांना बालहक्कांवर दोन शब्द सांगेल, साधारण पाऊण तास. त्याला सगळ्यांनी एकमुखानं नको म्हटलं.

“मी येतो,” दत्ता म्हणाला. “बॅटरी, बल्ब, वायर आणतो. फ्यूज का उडतो ते दाखवतो. खिचडी मिळती का?”

“मिळते.”

“मग फिक्स. पण गाडीच्या पेट्रोलचं बघावं लागतंय.” त्यानं किरणकडं हात पसरला. “पुराच्या वर्षी तुझी बोअरची मोटर भरून दिली होती. अठराशे. कंपाउंडिंगनं किती झाले तेवढं सांग.”

किरणनं खरोखरच मोबाईल काढून हिशेब लावायला घेतला. आठ टक्क्यांनी लावू की बारा, असं त्यानं विचारलं आणि मग अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की देणारा तोच आहे.